रिबकाबाईंचे पेले

"सोनाबाईच्या घरचा नंबर हाय का ह्यो?" ओट्यावरच्या फोनमधून एक कोवळा, परका आवाज म्हणाला आणि हेमांगीच्या ओल्या हातातून पेला निसटला. फुटला नाही. टबाच्या तळाशी जुना टॉवेल चौघडी करून अंथरलेला असतो तो याचसाठी. पेला कोमट पाण्यात डुचमळला आणि आडवा होऊन तळाला टेकला. हात पुसून तिनं निरोप पुन्हा लावला. "मी नोआ. रिबकाची नात. इस्रायलवरून आले. अलिबागला इस्रायल आळीत तुमचा नंबर गावला. उद्या तुमच्यात येऊ का? आजीच्या सोनाबाईचं घर बगायचं हाय." शब्द असे, की आता गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडीही फारसे उरले नव्हते, आणि हेल मात्र कुठल्या दूरच्या मुलखाचा. सोनाबाईला, म्हणजे हेमांगीच्या सासूला, जाऊन तीन वर्षं झाली होती. तिच्या नावानं आता कुणी काही विचारत नसे. विजेच्या बिलावरसुद्धा परेशचं नाव लागलं होतं. हेमांगीनं 'या' एवढंच लिहून पाठवलं. न्यायला आली. अखेर न्यायला आली.

या घरात सून म्हणून आली त्या पहिल्या आठवड्यापासून ती हे ऐकत होती, रिबकाची माणसं येतील तवा. रेवसच्या अलीकडे, खाजणाच्या कडेला तेव्हा सासरचं कौलारू घर होतं, समोर मिठागरं, आणि त्या घरात बाकी सगळी भांडी पितळेची नि जर्मलची असताना एका काचेच्या कपाटात हे बिलोरी पेले उभे असत. बारा होते. जड, पायाशी दांडी, अंगभर चौकटीचौकटीनं कापलेली काच. दुपारी मिठागरावरची तिरीप खिडकीतून आत आली की भिंतीवर रंगीत ठिपके उडायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हेमांगीला वाटलं होतं, आपण कुठल्या श्रीमंताघरी पडलो. सासूनं लगेच सांगितलं, "आपले न्हायत. बगायचं, हात लावायचा न्हाय." रिबकाबाई शेजारीण होती, शनिवार तेली म्हणायचे त्या ज्यू लोकांतली. तिचा नवरा मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या कंपनीत होता. साहेब विलायतेला परत जाताना पेले देऊन गेला. पुढे आळीतली एकेक घरं रिकामी व्हायला लागली, इस्रायलला जायला लागली, त्यांत रिबकाबाईही गेली; आणि जाताना सोनाबाईच्या ओटीत पेले ठेवून म्हणाली, सांभाळ, मी नाहीतर माझी माणसं येतील न्यायला. असं सोनाबाई सांगायची. सांगताना तिचा आवाज एरवीपेक्षा खाली यायचा, देवाचं काही सांगावं तसा. ठेव आहे, ठेव. ठेवीला धक्का लागला तर सात पिढ्या फेडता येत नाही.

मग एक दिवस तिनं हेमांगीला धुवायला शिकवलं. ते तरी शिकवणं कसलं; दीक्षाच ती. रिठ्याचं पाणी, तेही बोटाला जाणवेल न जाणवेल इतकंच गरम. एका वेळी एकच पेला. दांडीला धरून पिळायचा नाही, पोटाखाली तळवा द्यायचा. पुसायला सासऱ्यांच्या धोतराचं विटलेलं फडकं, दुसरं कुठलं नाही. खाऱ्या वाऱ्यानं काचेवर साय धरते, ती धरली की चमक मेलीच, म्हणून दर शुक्रवारी धुवायचे. "आनि त्या बांगड्या काड आदी," सासू म्हणाली. हेमांगीच्या हातात तेव्हा लग्नातला हिरवा चुडा होता, हळदीचा वास अजून न गेलेला. तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "बांगड्या?" "मंग काय? काचंवर काच घासली म्हंजी ओरखडा येल." सवाष्णीच्या हातातल्या बांगड्या दर आठवड्याला उतरवायच्या, परक्याच्या पेल्यांसाठी. तिनं साबण लावून एकेक उतरवली. त्यातल्या दोन पिचल्या. त्या कुणी मोजल्या नाहीत. पुढं चौलला माहेरी गेली तेव्हा आईनं तिचे उघडे हात पाहून कपाळावर हात मारला होता, आणि ती म्हणाली होती, काम असतं गं, अडकतात. पुढं पुढं तिनं काचेच्या बांगड्या घालणंच सोडलं. काढा, घाला, काढा, घाला, त्यापेक्षा एक सोन्याची पाटली बरी. बायका म्हणायच्या, हेमांगीला बाई सोन्याचीच आवड.

आज टबातला पेला उचलून ती उजेडाकडे धरून पाहत होती आणि तिला कळत होतं, की आपण पेला पाहत नाही, काठ पाहतोय. तो काठ आपल्या डोक्यात कायमचा बसलाय. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, होळीच्या आधी, धुताना पितळेच्या नळाला एक पेला नुसता टेकला. आवाजही धड झाला नाही. काठावरून नखाएवढा टवका गेला. सोनाबाई ओरडली नाही. तिनं तो टवका तळहातावर घेतला, देवाजवळ नेऊन ठेवला, आणि परेशला म्हणाली, हिला चौलला सोड. होळीला गेलेली ती गौरी आवाहनालाही माहेरीच होती. शेजारपाजारच्या विचारायच्या, का गं, काय झालं? काय सांगणार? पेल्याचा टवका उडवला म्हणून नवऱ्यानं टाकली, यावर कोण विश्वास ठेवणार. मागं काहीतरी वेगळंच असणार असं धरून लोक गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणं घरात पावसाळी ओलीसारखं मुरत जायचं. तिचे वडील, दयाराम, भातशेतीतला माणूस. मुंबईला आयुष्यात दोनदा गेले असतील. ते उठले, सोनाबाईकडे येऊन, हात जोडून, तो टवका उडालेला पेला पंच्यात गुंडाळून घेतला आणि रेवसहून लाँचनं भाऊच्या धक्क्याला गेले. जुन्या बाजारात दुकानादुकानांतून तो पेला काढून दाखवत फिरले, ह्याच्या जोडीचा आहे का हो. कुणी हसलं, कुणी त्यांना चोर समजलं. शेवटी एक घेऊन आले. पेला दिसायला तसाच होता, म्हणजे त्यांच्या डोळ्यांना. सोनाबाईनं तो बोटानं टिचकावला. थप्प असा आवाज आला. "ह्यातून आमची गायबी पानी न्हाय पिनार," ती म्हणाली, आणि तो पेला न्हाणीत दंतमंजन ठेवायला गेला. वडील हेमांगीला सोबत घेऊन ओसरीवर उभे होते. परेश दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मग त्यानं हेमांगीला एका बाजूला घेऊन समजावलं, अगदी प्रेमानं. म्हणाला, "दुसऱ्याची वस्तू आहे गं. आपली असती तर मी आईशी भांडलो असतो. पण दुसऱ्याच्या वस्तूपुढे मी काय बोलू?" तिला ते पटलं होतं. पटलं, हेच तिला आता आठवत होतं. त्या वाक्याच्या आधारानं ती परत नांदायला आली.

त्यानंतर तिनं सासूला बोलायला जागाच ठेवली नाही. प्रेमानं नाही, खुन्नसनं. असे पेले धुवायचे, असे पुसायचे, की म्हातारीला शोधून शोधून बोट दाखवता येऊ नये. जमिनीचा काही तुकडा विकून घर पक्कं झालं, परेशनं मिठाच्या जागी ट्रक आणले, हॉलमध्ये लाइटवाली शोकेस आली, आणि शुक्रवार मात्र हलला नाही. भावाच्या लग्नात ती मांडवपरतणं टाकून परत आली, कारण शुक्रवार होता. मुलगा लहान असताना शोकेसला कुलूप. घरात समारंभ झाले, परेशच्या ओळखीचे साहेब लोक जेवून गेले, कुणी म्हणालं, वहिनी, काय सुंदर ग्लास आहेत, काढा की. ती हसून म्हणायची, आमचे नाहीत. असं म्हणताना तिला कडू सुख व्हायचं. हे घर, ही फरशी, हे ट्रक, सगळं यांचं. आणि सगळ्यांत चमकणारी वस्तू मात्र यांची नाही. आणि ती सांभाळणारी मी. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत सोनाबाईनं डोळे उघडून विचारलं होतं, "धुतलंस?" ती "व्हय" म्हणाली होती. नातवाचं नाव नाही, मुलाचं नाही. धुतलंस? तेव्हापासून तिनं मनात एक दिवस रचून ठेवला होता. रिबकाची माणसं येतील. ती पेले मांडून दाखवेल. ते उजेडात धरून पाहतील, आणि कुणीतरी, या घरातलं नसलेलं कुणीतरी म्हणेल, केवढं केलंत तुम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर घालून पेले मांडले. टवका उडालेला शेवटी, काठ पुढं करून, लपवायचं नव्हतं. फोमच्या जाळ्या घातलेले दोन खोके भिंतीशी तयार ठेवले. नोआ आली ती रिक्षातून, पाठीवर तिच्याच वजनाची सॅक, पायांत धुळीचे बूट; पंचविशीची पोर. दारातच तिनं वाकून हेमांगीच्या पायाला हात लावला आणि म्हणाली, "आजीनं शिकवलंता." मग टेबलापाशी गेली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर धरले.

"हायत? अजून हायत?"

"सगळे आहेत," हेमांगी म्हणाली. "एकाचा टवका गेलाय. माझ्या हातून. बाकीच्यांना ओरखडा नाही. पाहून घे. खोके तयार आहेत."

"खोके कशाला?"

"न्यायला. तुझ्या आजीची ठेव आहे ना."

पोरगी गोंधळली. शब्द शोधत म्हणाली, "ठेव न्हाय. भेट. आजी सांगायची, म्या माजे पेले सोनाला दिले. सोना तिची जीवाची मैतरीण. आजीचा पयला पोरगा गेला तवा सोना म्हैनाभर तिच्याजवल निजली. मंग आजी बोलली, ह्ये तुजे, शुक्रवार आला की ह्यातून सरबत पी, माजी याद काड." ती हसली. "आमी हसायचो. आजी, सोना पीत आसंल का गं? आजी बोलायची, पीत आसंल म्हंजी? रोज पीत आसंल."

हेमांगीनं टेबलाची कड धरली. "चुकतेयस तू. सांभाळायला दिले होते. माझ्या सासूनं मला स्वतः सांगितलं."

"न्हाय मावशी. सांभालायला दिलंता तो तांब्याचा हंडा, तो मामानं न्हेला मागं. पेले भेट." तिला यात वादासारखं काही दिसतच नव्हतं. तिनं एक पेला उचलला, दांडीला धरून, चारी बोटांनी, आणि फोटो काढला. मग थोडी लाजून म्हणाली, "मी एक न्हेऊ? आजी गेली औंदा. तिच्या फोटूपुडं ठेवीन."

"न्हाय," हेमांगी म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून सासूच्या आवाजात निघाला. तिला स्वतःलाच त्याचा धक्का बसला, पण मागं घ्यावासा वाटला नाही. ज्यांच्यासाठी एवढी वर्षं सांभाळले त्यांतलं माणूस समोर उभं राहून एक मागतंय, आणि आपण नाही म्हणतोय. "आमचे आहेत ना? तू म्हणालीस ना? मग नाही देत." पोरीचा चेहरा उतरला. तिनं पेला हळूच खाली ठेवला, सॉरी म्हणाली, दोनदा म्हणाली, कोकम सरबत स्टीलच्या ग्लासातून पिऊन घेतलं, आणि नवगावला कबरस्तानात खापरपणजोबांची कबर पाहून संध्याकाळच्या बोटीनं मांडव्याहून मुंबईला जाणार असल्याचं सांगून निघाली. रिक्षा वळेपर्यंत ती हात हलवत होती. हेमांगीनं हलवला नाही.

मग ती पेल्यांपुढं बसून राहिली. शुक्रवार. म्हणजे शुक्रवार साय धरते म्हणून नव्हता. म्हातारीनं शुक्रवार तेवढा ठेवला आणि सरबत काढून घेतलं. का? मैत्रीण कधी परत येणार नाही हे तिला सोसवलं नसेल, म्हणून तिनं भेटीची ठेव केली असेल. ठेवीला मालक लागतो, आणि मालक कधीतरी परत येतो. असं असतं तर हेमांगीनं म्हातारीला क्षमाही केली असती. नव्हे, ती मनातल्या मनात तशी तयारीच करत होती. तेवढ्यात, उन्हं कलताना, परेश आला. हात धुऊन पानावर बसला. टेबलावर पेले असल्यामुळे त्याचं पान खाली मांडावं लागलं, त्याबद्दल थोडा कुरकुरला.

"गेली का ती पोरगी? नेले नाहीत?"

"ती म्हणते, भेट दिले होते. आईंना."

"हं," परेश भात कालवत म्हणाला. "होतेच."

"म्हणजे?"

"अगं, लहानपणी आम्ही त्यातूनच सरबत प्यायचो. दिवाळीला, कुणी आलं-गेलं तर. तू आलीस तेव्हा आई म्हणाली, नव्या सुनेला सांगायचं दुसऱ्याचे हायत, म्हंजी हात जपून लावंल. आम्हालाही म्हणाली, तिच्यासमोर बोलू नका." तो हसला, आईच्या आठवणीनं हसला. "डोकं होतं हो म्हातारीला. आणि राहिले की नाही चांगले?"

बाहेर डंपर वळत होता, रिव्हर्सचा तो टीं टीं आवाज बराच वेळ आला. तो थांबल्यावर तिनं विचारलं.

"माझे वडील मुंबईला गेले होते, जोडीचा पेला शोधायला. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"कधी?" परेश म्हणाला.

तो सोंग करत नव्हता. घास हातात धरून, भुवया वर करून, तो खरोखर आठवून पाहत होता. ओसरीवरचा तो माणूस, थप्प असा आवाज, दाराची चौकट, ते समजावणं, सगळं तो शोधत होता आणि त्याच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. खोटं बोलला असता, ओशाळला असता, चिडला असता, तर तिला पुढं काही बोलता आलं असतं. "असेल," तो शेवटी म्हणाला. "आमटी आहे का अजून?"

तिनं आमटी वाढली. मग ती उठून टेबलापाशी गेली, एकेक पेला जाळीत बसवून खोक्यात उभा ठेवू लागली. हात सवयीनं चालत होते, घाई असूनही कुठं काचेला काच लागली नाही. दोन्ही खोके दोरीनं बांधले आणि कोपऱ्यावरच्या चंदरला रिक्षा घेऊन यायला फोन केला.

"आता कुठे?"

"मांडव्याला. तिला देऊन येते."

"सगळे? वेड लागलंय का?" परेश खरकट्या हातानं उठला. "अगं, आपले आहेत ते!"

आपले. पेल्यांबद्दल हा शब्द त्याच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला. "तुमचे असतील," ती म्हणाली. "मी दुसऱ्याचेच धुतले."

चंदरनं रिक्षा हाणली. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला ती खोके मांडीवरून उचलून धरत होती. उचलून धरण्याचा तिला राग येत होता, पण हात ऐकत नव्हते. मांडव्याला शनिवारची येणाऱ्या-जाणाऱ्यांची गर्दी; कुत्री घेऊन आलेले बंगलेवाले, उन्हानं लाल झालेली पोरं. नोआ रांगेत पुढं गेली होती. "मावशी!" ती ओरडली आणि सॅकसकट धावत आली. हेमांगीनं खोके तिच्या पायांशी ठेवले. "सगळे ने. मी मघाशी नाही म्हटलं, ते माझं नव्हतं." पोरीनं खोका उघडला, तिचे डोळे भरले, आणि मग ती हसायलाच लागली. "मावशी, येवडे कसे न्हेऊ? मी आता गोव्याला चालले, मंग हंपी, मंग वर हिमालयात. दोन म्हैने फिरनार हाय. एकच न्हेते. एक द्या."

म्हणजे उरलेले घेऊन परत जायचं होतं. हेमांगीनं एक पेला काढून तिच्या हातावर ठेवला. नोआनं तो छातीशी धरला, तिच्या गालाचा मुका घेतला. बोटीचा भोंगा वाजला, माणसं पुढं सरकली. घाईघाईत पोरीनं सॅकमधून एक टीशर्ट ओढला, पेला त्यात कसाबसा गुंडाळला आणि बूट नि पाण्याची स्टीलची बाटली यांच्या मधल्या फटीत उलटा, तोंडावर, दाबून बसवला. वरून सॅकचा पट्टा आवळला. काठ सगळ्यांत पातळ असतो, पेला तोंडावर ठेवला की भार सगळा त्याच्यावर येतो. शिवाय ती बाटली. मुंबई येईपर्यंतदेखील तो टिकणार नव्हता. हेमांगीला ते दिसत होतं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. काढून, सुलटा करून, जाळीसकट मधे घालून द्यायचा.

नोआनं सॅक झटक्यानं पाठीवर टाकली. "येते हां, मावशी."

"नीट जा," हेमांगी म्हणाली.